अंगठी, काठी आणि टांकसाळ

मध्ययुगीन युरोपातल्या पोप आणि सम्राट यांच्या झगड्याची गोष्ट निघाली की बहुतेक लेखक कानोसाच्या गडापाशी येऊन थांबतात. जानेवारी १०७७. आपेनाइन डोंगरातल्या त्या गडाच्या तटाआत, ऐन हिवाळ्यात, लोकरीच्या भरड्या वस्त्रात अनवाणी उभा असलेला जर्मनीचा राजा चौथा हेन्री. आत गडाची मालकीण, टस्कनीची मातब्बर माटिल्डा, क्लुनीचा मठाधिपती ह्यू आणि पश्चात्ताप करणाऱ्याला क्षमा नाकारता येते का, या प्रश्नाने अडलेला पोप सातवा ग्रेगरी. असे तीन दिवस. चित्रकारांना हे दृश्य आवडलं, राजकारण्यांनाही आवडलं. १८७२ साली बिस्मार्कने जर्मन संसदेत आपण कानोसाला जाणार नाही असं ठणकावलं, तेव्हा कोणाला संदर्भ समजावून सांगावा लागला नाही.

दृश्य थोर आहे, यात शंका नाही. पण त्या काळाची खरी कसोटी मला तिथे दिसत नाही. ती दिसते १२ फेब्रुवारी ११११ रोजी, रोमच्या सेंट पीटर महामंदिरात. ख्रिस्तसभेला राजांपासून मोकळं व्हायचं असेल तर काय सोडावं लागेल, याची यादी त्या दिवशी भर सभेत वाचली गेली आणि ती ऐकून खुद्द बिशपच संतापाने उसळले. शंभर वर्षांची सुधारणेची चळवळ त्या यादीपाशी येऊन अडली. तिथवर ती कशी पोचली, हे आधी सांगायला हवं.

सन १००० च्या सुमाराचा जर्मन बिशप म्हणजे एका अंगरख्यातली दोन माणसं. एक मिस्सा अर्पण करणारा, दीक्षा देणारा, लोकांच्या आत्म्यांचा राखणदार. दुसरा राजाचा सरंजामदार. गावं, गढ्या, जकातनाके, बाजारपेठा, कुठे टांकसाळ, कुठे आख्खा परगणा त्याच्या ताब्यात असे. हे राजाकडून मिळालेलं, आणि त्याबदल्यात राजाला घोडदळ पुरवायचं. इटलीतल्या मोहिमेसाठी दुसऱ्या ऑटोने ९८१ साली जी जादा कुमक मागवली तिची यादी आजही शिल्लक आहे. दोन हजारांच्या आसपास चिलखती स्वारांपैकी बहुसंख्य स्वार बिशपांनी आणि मठाधिपतींनी पाठवायचे होते. राजाला ही व्यवस्था फार सोयीची होती. सरदाराचा सरंजाम मुलाकडे जातो आणि दोन पिढ्यांत घराण्याचा होऊन बसतो. बिशपला कायदेशीर वारस नाही, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सारं पुन्हा राजाच्या हाती. म्हणून नव्या बिशपला राजा स्वतःच्या हाताने अंगठी आणि काठी देई. अंगठी म्हणजे बिशपचं आपल्या धर्मप्रांताशी लागलेलं लग्न, काठी म्हणजे मेंढपाळाचा अधिकार. टांकसाळ आणि आत्म्यांची राखण एकाच हातातून, एकाच क्षणी दिली जाई.

यात कुणाला पाप दिसत नव्हतं, कारण राजा हाही तेव्हा निव्वळ लौकिक माणूस नव्हता. राज्यारोहणाच्या वेळी त्याला पवित्र तेलाचा अभ्यंग होत असे आणि त्या तेलाने तो सामान्य जनांतून वेगळा काढला जाई. सुधारणेची पहिली मोठी कुऱ्हाडही राजानेच चालवली. १०४६ साली रोममध्ये तिघेजण पोपपदावर हक्क सांगत होते. नवव्या बेनेडिक्टने तर आपलं पद चक्क पैसे घेऊन सोडलं होतं. ज्याने पैसे दिले तो जॉन ग्रेशियन, म्हणजे पोप सहावा ग्रेगरी, सज्जन म्हणून ओळखला जाई. बेनेडिक्टच्या हातून पीटरचं आसन सोडवण्यासाठीच त्याने पैसे मोजले, असं त्याचे चाहते म्हणत. तिसऱ्या हेन्रीने सूत्री या गावी धर्मसभा भरवली, तिघांचाही निकाल लावला आणि आपल्या पसंतीचा जर्मन पोप बसवला. चांगल्या हेतूने दिलेला पैसाही पैसाच ठरला. पदच्युत सहाव्या ग्रेगरीबरोबर जर्मनीत हद्दपारीला गेलेल्या माणसांत एक तरुण धर्मसेवक होता, हिल्डेब्रांड. सदुद्देशाने केलेला सौदा आणि सदुद्देशाने केलेला राजाचा हस्तक्षेप, दोन्ही त्याने जवळून पाहिले. तोच पुढे सातवा ग्रेगरी झाला.

या सुधारकांचं मूळ मठांत होतं. बर्गंडीतल्या क्लुनी मठाला ९१० साली अक्विटेनच्या ड्यूक विल्यमने जमीन दिली, तेव्हा सनदेतच लिहून ठेवलं की या मठावर ना माझा हक्क, ना माझ्या वारसांचा, ना राजाचा. मठ संत पीटर आणि संत पॉल यांचा, आणि जो कोणी तो बळकावेल त्याच्यावर शापांचा वर्षाव. मोकळं असणं म्हणजे काय, याचा वस्तुपाठ या मठाने दिला. पुढे १०४९ साली पोप नववा लिओ रेम्सला आला. संत रेमिजियसच्या अस्थी त्याने वेदीवर ठेवल्या आणि जमलेल्या बिशपांना एकेकाला उठून सांगायला लावलं की पद मिळवण्यासाठी आपण पैसे दिले की नाहीत. संताच्या अस्थींसमोर खोटं बोलायला माणूस कचरतो. नेव्हेरच्या बिशपने कबूल केलं की आपल्या नकळत आईवडिलांनी पैसे भरले होते, आणि आपली काठी पोपच्या पायाशी ठेवली. लिओने त्याला दुसरी काठी दिली. या साऱ्या चळवळीत मला सर्वांत सुंदर वाटणारी घटना हीच. दोष झाकला गेला नाही आणि माणूसही चिरडला गेला नाही.

सगळीकडे असं झालं नाही. पद विकत घेणं हे पाप, यावर सर्वांचं एकमत होतं. पण ज्याने पद विकत घेतलं त्याच्या हातून मिळालेल्या बाप्तिस्म्याचं आणि दीक्षेचं काय? कार्डिनल हंबर्टने तर्क शेवटपर्यंत नेला. असला माणूस बिशपच नव्हे, म्हणून त्याने दिलेली दीक्षा पोकळ, आणि त्या दीक्षेवर धर्मगुरू झालेल्यांचे संस्कारही पोकळ. पीटर डेमियन हा फोंते आवेल्लानाचा एकांतवासी. देहदंडाच्या बाबतीत त्याच्याइतका कठोर माणूस त्या काळात शोधून सापडायचा नाही. पण या प्रश्नावर तो थांबला. देणारा खरा ख्रिस्त आहे, धर्मगुरू केवळ त्याचा हात, आणि हात मळका असला म्हणून देणं खोटं होत नाही, असं त्याचं म्हणणं. दूरच्या खेड्यातल्या एखाद्या शेतकरणीचा विचार करावा. आपलं मूल ज्याच्याकडून बाप्तिस्मा घेऊन मेलं, त्याच्या दीक्षेचा पूर्वेतिहास तिने कुठे आणि कसा तपासायचा? हंबर्टच्या न्यायाने तिच्या दुःखाला तळच उरला नसता. ख्रिस्तसभेने अखेर डेमियनची भूमिका राखली, हे तिचं मोठं शहाणपण.

पण हाच डेमियन धर्मगुरूंच्या बायकांबद्दल लिहू लागला की त्याच्या लेखणीतून विष गळतं. हे मला त्याला माफ करता येत नाही. अकराव्या शतकापर्यंत खेडोपाडीचे कितीतरी धर्मगुरू बायकामुलांसह राहत होते. गावाला त्यात वावगं वाटत नव्हतं. सुधारकांच्या मते वेदीवरच्या भाकरीला हात लावणारा हात निर्मळ हवा. यामागे श्रद्धा होती हे मी मान्य करते, पण श्रद्धेच्या शेजारी हिशेबही होता. धर्मगुरूला मुलगा झाला की चर्चची जमीन त्याच्या घरात जाऊ लागते. ज्या वारसाच्या अभावी राजाला बिशप सोयीचा वाटे, त्याच वारसाची धास्ती सुधारकांनाही होती. सातव्या ग्रेगरीने तर लोकांनाच सांगितलं की विवाहित धर्मगुरूच्या मिस्सेला जाऊ नका. कॉन्स्टन्सचा बिशप ऑटो आपल्या धर्मगुरूंना बायका सोडायला लावीना, तेव्हा पोपने त्याच्या प्रजेला त्याची आज्ञा मोडायची मुभा दिली. मिलानमध्ये पातारिया नावाची चळवळ उभी राहिली आणि शुद्धतेच्या नावाने जमाव रस्त्यावर आले. १०७२ साली रुआँच्या आर्चबिशपने बायका सोडण्याचा हुकूम वाचला, तेव्हा त्याच्याच धर्मगुरूंनी त्याच्यावर दगडफेक केली. आणि १०८९ च्या मेल्फीच्या धर्मसभेने, ऐकत नसलेल्या उपयाजकांच्या बायकांना गुलाम करण्याचा अधिकार सरदारांना दिला. लौकिक सत्तेच्या पंज्यातून धर्म सोडवायला निघालेल्यांनी या बायका त्याच पंज्यात दिल्या. त्यांची नावं कुठल्या बखरीत नाहीत. पोप, सम्राट, मठाधिपती सर्वांची पत्रं जपली गेली आहेत. या स्त्रियांनी मागे ठेवलेलं एकही पान माझ्या वाचनात आलेलं नाही. या सुधारणेची थोरवी सांगताना हा हिशेब वगळणं मला अप्रामाणिक वाटतं.

१०७३ साली रोमच्या लोकांनी गजर करून हिल्डेब्रांडला पोप केलं. दोन वर्षांनी त्याच्या दफ्तरात सत्तावीस लहान विधानांची एक नोंद झाली. पोप सम्राटाला पदच्युत करू शकतो, अन्यायी राजाच्या प्रजेला निष्ठेच्या शपथेतून मोकळं करू शकतो, असा त्यातल्या काहींचा आशय. मिलानच्या आर्चबिशपपदावर चौथ्या हेन्रीने आपला माणूस नेमला आणि ठिणगी पडली. जानेवारी १०७६ मध्ये वर्म्सला जमलेल्या जर्मन बिशपांनी आणि राजाने ग्रेगरीला पोप मानायला नकार दिला. पुढच्याच महिन्यात ग्रेगरीने राजाला धर्मबहिष्कृत केलं आणि प्रजेला शपथेतून सोडवलं. बंडाला निमित्त शोधणाऱ्या जर्मन सरदारांना ते आयतं मिळालं. म्हणून कानोसा. तिथली क्षमा तीन वर्षं टिकली. १०८० मध्ये पुन्हा बहिष्कार, हेन्रीने उभा केलेला दुसरा पोप, १०८४ मध्ये रोमवर हेन्रीचा ताबा, आणि ग्रेगरीच्या सुटकेसाठी आलेल्या नॉर्मनांनी त्याच रोमची केलेली लूट. २५ मे १०८५ रोजी ग्रेगरी सालेर्नोला परागंदा अवस्थेत मरण पावला. आपण न्यायावर प्रेम केलं म्हणून आपल्या वाट्याला हे मरण, असा त्याच्या अखेरच्या उद्गारांचा आशय सांगतात. हेन्रीची गतही बरी नव्हती. पोटच्या मुलाने बंड केलं, आणि ११०६ मध्ये बहिष्कृत स्थितीतच तो मेला. पाच वर्षं त्याच्या देहाला पवित्र भूमी मिळाली नाही.

या धुमश्चक्रीत एक गोष्ट कायमची बदलली. १०८१ साली मेत्सच्या बिशपला लिहिलेल्या लांबलचक पत्रात ग्रेगरी विचारतो की राजे आले कुठून? आणि स्वतःच उत्तर देतो की देवाला न ओळखणाऱ्या, आपल्याच बरोबरीच्या माणसांवर गर्व, लूट आणि खून यांच्या बळावर सत्ता गाजवू पाहणाऱ्यांतून. अभ्यंगाचं तेल एका फटक्यात पुसलं गेलं. त्याच पक्षाचा लौटेनबाखचा मानेगोल्ड आणखी पुढे गेला. डुकरं राखायला ठेवलेला गडी डुकरं राखण्याऐवजी हरवू लागला तर मालक त्याला पगार न देता हाकलतो, मग प्रजेला जाच करणाऱ्या राजाला प्रजेने का हाकलू नये, असं त्याने लिहिलं. राजपद म्हणजे करार, तो मोडला की निष्ठा संपली. हे वाक्य अठराव्या शतकातल्या कुणा क्रांतिकारकाचं वाटावं, पण ते अकराव्या शतकातल्या कट्टर पोपनिष्ठाचं आहे. राजाला देवापासून तोडलं ते नास्तिकांनी नव्हे. वेदीला राजाच्या सावलीतून सोडवायला निघालेल्या साधूंनी ते काम केलं, आणि आपण लौकिक राज्य नावाची नवी वस्तू जन्माला घालतो आहोत याची त्यांना कल्पना नव्हती.

आता ११११. बापाविरुद्ध बंड करून गादीवर आलेला पाचवा हेन्री सम्राटपदाचा मुकुट घ्यायला मोठं सैन्य घेऊन रोमवर आला. पोपपदी दुसरा पास्कल होता, मूळचा मठवासी. अंगठी-काठीचा हक्क राजा सोडायला तयार नव्हता, आणि त्याची बाजू पोकळही नव्हती. बिशप माझे किल्ले, माझे नाके, माझ्या टांकसाळी बाळगणार, आणि त्यांची निवड मात्र माझ्याविना? पास्कलने याला जे उत्तर दिलं ते त्याआधीच्या पन्नास वर्षांत कोणत्याही सुधारकाला सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही बोलायचं धाडस झालं नव्हतं. घ्या परत. शहरं, परगणे, टांकसाळी, जकात, बाजार, गढ्या, सैन्य, सम्राटांनी दिलेलं सगळं बिशप परत करतील आणि दशमांश व भाविकांच्या दानावर जगतील. वेदीचे सेवक दरबाराचे सेवक झाले आहेत, ते पुन्हा वेदीकडे वळतील. बदल्यात राजाने अंगठी आणि काठी कायमची सोडावी. हा करारही सूत्रीलाच पक्का झाला. तीन पोपांचा निकाल जिथे लागला होता तेच गाव, पासष्ट वर्षांनी.

१२ फेब्रुवारीला, राज्याभिषेकाच्या ऐन समारंभात, मजकूर वाचला गेला. महामंदिरात एकच गदारोळ उडाला. बिशप म्हणाले, हे आमच्याकडून लुबाडणं आहे. सरदारही खवळले, कारण चर्चच्या कितीतरी जमिनी त्यांच्याच कसणुकीत होत्या, आणि एवढं सगळं राजाच्या घशात गेलं तर त्याला आवरणार कोण? समारंभ मोडला. हेन्रीने पोपला आणि कार्डिनलांना कैद करून नेलं. दोन महिन्यांच्या कैदेनंतर पास्कलने राजाला अंगठी-काठीचा हक्क लिहून दिला आणि १३ एप्रिलला मुकुटही चढवला. पुढच्या वर्षी लॅटरनच्या धर्मसभेने तो कागद रद्द ठरवला.

बरेच इतिहासकार पास्कलला भोळा म्हणतात. राजकारण म्हणून ते खरंही असेल. इतक्या लोकांचं उत्पन्न त्यांना न विचारता सोडून देणारा माणूस व्यवहारी नव्हे, आणि त्या जमिनींवर शाळा, रुग्णालयं, अनाथांचं अन्न चालत होतं हेही नाकारता येत नाही. तरी माझं मन त्याच्याच बाजूने झुकतं. स्वातंत्र्याची भाषा सगळे बोलत होते. ते स्वातंत्र्य कशाच्या मोबदल्यात, हे सांगणारा तो एकटा. ग्रेगरीला राजापासून मोकळीक हवी होती आणि राजावर हुकमतही हवी होती. पास्कलने मोकळीकीसाठी राजाने दिलेलं सगळं सोडण्याची तयारी दाखवली. त्याला नकार देणारे बिशप दुष्ट नव्हते. त्यांतले पुष्कळजण मनापासून सुधारक होते, पद विकत न घेतलेले, ब्रह्मचर्य पाळणारे. ज्याच्याकडून घेतो त्याचा हात आपल्या मानेवर येणार, एवढं मात्र त्यांना पाहायचं नव्हतं.

उरली ती तडजोड. शार्त्रचा बिशप ईव्हो पूर्वीपासून सांगत होता की पद वेगळं आणि जमीन वेगळी, दोन्ही एका वस्तूने देऊ नका. इंग्लंडमध्ये ११०७ साली आर्चबिशप अन्सेल्म आणि तिथला राजा पहिला हेन्री यांनी याच वाटेने समेट केला. २३ सप्टेंबर ११२२ रोजी वर्म्सला पोप दुसरा कॅलिक्स्टस आणि पाचवा हेन्री यांच्यात करार झाला. अंगठी आणि काठी ख्रिस्तसभेची, जमीनजुमला राजाच्या राजदंडाचा स्पर्श होऊन मिळणार. जर्मनीत निवडणूक मात्र राजाच्या उपस्थितीत होईल. ज्याच्यासमोर मत द्यायचं तोच जमीन देणार, तेव्हा निवड कोणाची होणार हे उघड होतं. तरीही अधिकाराचे दोन उगम आहेत, हे तिथे कागदावर आलं. पुढच्या शतकांत पोपने स्वतःची न्यायालयं, स्वतःचे कर, स्वतःचं दफ्तर उभारलं, आणि राजांनी ते पाहून आपापलं. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याला गिळता आलं नाही, आणि त्या फटीत विद्यापीठं, शहरं, कायदेपंडित वाढले. १३०३ साली आनान्यी इथे फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी पोप आठव्या बोनिफेसला पकडलं, तेव्हा फट किती रुंदावली होती ते दिसलं.

आपल्याकडे हा वाद पोर्तुगीज गलबतांतून आला. समुद्रापलीकडे धर्मप्रसार करायला पोपकडे ना जहाजं होती, ना पगार द्यायला पैसा. पोर्तुगालच्या राजाकडे दोन्ही होतं. म्हणून जो हक्क सम्राटाकडून सोडवायला पन्नास वर्षं झगडा झाला, तसाच हक्क रोमने लिस्बनला आपणहून दिला. त्यालाच पाद्रोआदो म्हणतात. चर्च बांधायची, धर्मगुरूंना पोसायचं आणि बिशपपदासाठी नाव सुचवायचं, तिन्ही गोष्टी राजाकडे. १५३४ साली गोव्याचा धर्मप्रांत या व्यवस्थेत जन्मला. सतराव्या शतकात रोमला याचा पश्चात्ताप होऊ लागला. १६२२ मध्ये प्रोपगांडा ही धर्मप्रसाराची मंडळी रोमने स्वतःच्या हाताखाली काढली. दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण घराण्यात जन्मलेल्या मातेउश द काश्त्रूला गोव्यातल्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी दीक्षा दिली नाही. तो रोमला गेला, धर्मगुरू झाला, १६३७ साली बिशप होऊन आदिलशाही मुलखासाठी परतला, तर गोव्याने त्याचा अधिकार मानायलाच नकार दिला.

मुंबईत तर ही फाळणी एकेका वेदीपर्यंत पोचली. १७९४ साली ईस्ट इंडिया कंपनीने, म्हणजे एका प्रॉटेस्टंट व्यापारी सत्तेने, कॅथलिक चर्चची वाटणी केली. माझगावचं ग्लोरिया आणि दादरचं साल्वासाव गोव्याच्या आर्चबिशपकडे, तर काळबादेवीकडचं एस्पेरांसा आणि माहीमचं सेंट मायकल रोमच्या प्रतिनिधीकडे. एकाच श्रद्धेची, एकाच वाडीतली घरं दोन बिशपांत वाटली गेली. १८५३ साली माहीमचं चर्च हातून जाऊ नये म्हणून बिशप हार्टमन आपल्या माणसांसह आत ठाण मांडून बसले आणि बाहेर विरोधकांचा वेढा पडला. रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १९२८ च्या करारानेही राजसत्तेचा हात निघाला नाही. मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असेल, असं ठरलं. ज्यांच्या श्रद्धेवर ही पदं उभी होती त्या कोळी, भंडारी, ईस्ट इंडियन, गोवेकर माणसांचं नाव त्या पाळीत नव्हतंच.

ब्रिटिश पाळीत, १९३७ साली, थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट आर्चबिशप म्हणून आले. ही जागा भारतीयाची आहे हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. पण त्यांनी राजीनामा दिला असता तर करारानुसार पाळी पोर्तुगीजांची होती. १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशियस त्यांचे साहाय्यक बिशप झाले. रॉबर्ट्स यांनी कारभार त्यांच्या हाती सोपवला, स्वतः मुंबईबाहेर पडले आणि चार वर्षं पदावर राहूनही गादीवर बसले नाहीत. १९५० मध्ये पोर्तुगालने मुंबईवरचा आपला हक्क करार करून सोडला. रॉबर्ट्स यांचा राजीनामा स्वीकारला गेला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, कोणत्याही राजाने नाव न सुचवता, ग्रेशियस मुंबईचे आर्चबिशप झाले.